जमीन उदंड, घर दुर्लभ

मुंबईत सामान्य माणसाला घर परवडत नाही, याचे स्पष्टीकरण देण्यास निदान भूगोल तरी हाताशी असतो. तीन बाजूंना पाणी, मध्ये चिंचोळी भूमी आणि तिच्यावर साऱ्या देशातून येणारा लोंढा, असे म्हटले की निम्मे समाधान होते. नागपूरला हे निमित्त उपलब्ध नाही. येथे ना समुद्र, ना शहराची वाट अडविणारी डोंगराची भिंत. वर्धा मार्गाने जा, उमरेड मार्गाने जा, की काटोल मार्गाने. सपाट जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली दिसते. आणि तरीही तीस-चाळीस हजार रुपये मासिक मिळकत असलेल्या नागपूरकर कुटुंबाला शहरात दोन खोल्यांचे निर्वेध घर घेणे दुरापास्त झाले आहे. या विसंगतीची उकल केल्याखेरीज महागाईविषयीची चर्चा केवळ तक्रारीच्या पातळीवर राहते.

लोकसंख्येकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत २० लाख ५२ हजार लोक होते, ते २०११ मध्ये २४ लाख ५ हजार झाले. म्हणजे दहा वर्षांत सुमारे सतरा टक्के वाढ. याच दशकात जमिनीचे भाव किती पटींनी वाढले, हे ज्यांनी त्या काळात व्यवहार केले त्यांना सांगावयास नको. माणसे सतरा टक्क्यांनी वाढावीत आणि भाव पटीत वाढावेत, याचा अर्थ मागणीपैकी मोठा भाग राहण्यासाठी घर हवे असणाऱ्यांचा नव्हता, असाच निघतो.

वस्तुतः नागपुरात टंचाई जमिनीची नाही. टंचाई आहे ती निर्वेध हक्काच्या आणि रस्ता, पाणी, मलनिस्सारण यांनी युक्त अशा भूखंडांची. नागपूरच्या भूखंड-बाजारात दलाल पहिल्या वाक्यातच ‘आर.एल. आहे’ की ‘एन.ए., टी.पी.’ आहे हे सांगतो. नागपूर सुधार प्रन्यासाचे नियमितीकरणाचे पत्र, अकृषक परवाना आणि नगररचना खात्याची मंजुरी, या कागदांवर त्या जमिनीची किंमत ठरते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच काळ्या मातीचे दोन तुकडे, पण कागद असलेल्याचा भाव कागद नसलेल्याच्या कितीतरी वर. मातीला नव्हे, शासकीय शिक्क्याला भाव आला आहे. आणि हा शिक्का पुरविणारी यंत्रणा तो अतिशय तोकड्या प्रमाणात व विलंबाने पुरविते.

या परिस्थितीला जुना इतिहास आहे. सुधार प्रन्यासाची स्थापना १९३६ च्या कायद्याने झाली, ती शहराची वाढ आगाऊ आखून, जमीन संपादून, सोयी करून मग भूखंड देण्यासाठी. काही भागांत हे काम उत्तम झाले. परंतु संपादनाची गती शहराच्या वाढीच्या गतीला कधीच गाठू शकली नाही. जी पोकळी राहिली ती खाजगी अभिन्यासांनी भरून काढली. शेतजमीन विकत घ्यावयाची, तिच्यावर चुन्याने रेषा मारावयाच्या, गृहनिर्माण सहकारी संस्थेची पाटी लावावयाची आणि कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांना हप्त्याने भूखंड विकावयाचे, हा उद्योग अनेक दशके राजरोस चालला. सातबारावर शेतकऱ्याचे नाव, हातात इसारचिठ्ठी, आणि पावसाळ्यात घरापर्यंत चिखल, अशा स्थितीत हजारो कुटुंबांनी आयुष्य काढले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे नागपुरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. अनधिकृत अभिन्यासांच्या या दोन याद्या आज शहराच्या बोलीचाच भाग आहेत.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने या परिस्थितीत भरच घातली. नागपुरात पंधराशे चौरस मीटरांहून अधिक मोकळी नागरी जमीन ठेवण्यास बंदी आली. हेतू उदात्त होता. फलित मात्र असे की मोठी जमीन सवलतींच्या व खटल्यांच्या जंजाळात अडकली आणि बाजारात आली ती तुकड्यातुकड्यांनी, कागदांशिवाय. महाराष्ट्राने हा कायदा २००७ च्या अखेरीस मागे घेतला. तोवर शहराचा नकाशा ठरून गेला होता.

पुढे २००१ मध्ये गुंठेवारी विकासांच्या नियमितीकरणाचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी दंड व विकास शुल्क घेऊन नियमित करावी, अशी त्याची कल्पना. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. ज्यांनी आयुष्याची पुंजी अशा भूखंडात घातली त्यांना दिलासा देणे न्याय्यच होते. पण मुदत एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल हा हिशेब अभिन्यास पाडणारा आधी करतो. अधिकृत भूखंड मिळणे मात्र त्यामुळे जराही सुलभ होत नाही. शिवाय २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करून त्याचे काम महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला, आणि पुढे तो फिरला. फायली एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेल्या आणि परत आल्या. नियमितीकरणाचा अर्ज करणारा त्यांच्यामागे हिंडत राहिला.

गरीब माणसाला स्वस्त भूखंड मिळाला, असे या व्यवहाराचे एक समर्थन केले जाते. तो खरोखर स्वस्त होता काय? आरंभी भाव कमी. नंतर स्वतःच्या खर्चाने विहीर किंवा बोअर, मुरूम टाकून केलेला रस्ता, शोषखड्डा, वर्षानुवर्षे टँकर. मग विकास शुल्काची मागणी. आणि कागद निर्वेध नसल्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज नाकारले गेल्याने पतसंस्थेचे वा सावकाराचे चढे व्याज. या साऱ्यांची बेरीज केली तर ज्याची ऐपत सर्वांत कमी त्यानेच एका चौरस फुटास अनेकदा अधिक दाम मोजल्याचे आढळेल. फक्त ते त्याने वीस वर्षांत विभागून मोजले, म्हणून हिशेबात दिसले नाही.

दुसरे कारण नागपूरकर मध्यमवर्गाला रुचणार नाही, पण ते सांगितलेच पाहिजे. येथे भूखंड हे राहण्याचे साधन कमी आणि बचतीचे साधन अधिक झाले आहे. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, निवृत्तीनंतरच्या आधारासाठी ‘एक प्लॉट घेऊन ठेवणे’ ही पगारदार वर्गाची रीत आहे. ठेवीवरील व्याज महागाईने खाऊन टाकलेले, भागबाजाराची भीती, तेव्हा जमिनीसारखी भरवशाची वस्तू नाही, हा विचार व्यक्तीच्या दृष्टीने अगदी योग्य ठरतो. शहराच्या दृष्टीने त्याचे परिणाम बेसा, हुडकेश्वर, बेलतरोडी या बाजूंना हिंडल्यास दिसतात. एका ओळीत चार घरे, मध्ये सहा-सात भूखंडांवर गाजरगवत, मग पुन्हा दोन घरे. जलवाहिनी आणि नागपुरी बोलीतील ‘गडर लाइन’ यांना त्या रिकाम्या भूखंडांसमोरूनच जावे लागते. दहा घरांना पुरणारा खर्च तीन घरांसाठी करावा लागतो. तो करताना महापालिकेची दमछाक होते, आणि झाला की भाव वाढतो तो रिकाम्या भूखंडाचाही. मालकाने काहीही न करता त्याच्या पदरात पडलेली ही वाढ सार्वजनिक खर्चातून निर्माण झालेली असते, आणि तिचा नगण्य अंश सार्वजनिक तिजोरीत परत येतो.

अपेक्षांचा खेळ याच्या जोडीला असतो. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, मिहान प्रकल्पाची चर्चा सुरू झाली, आणि कारखाने येण्याच्या कितीतरी आधी वर्धा मार्गावर भाव आले. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव येथील शेतकऱ्यांच्या जमिनी संपादनात गेल्या. शेजारच्या जमिनी दलालांच्या हातून तीन-तीनदा फिरल्या. २००८ च्या जागतिक मंदीनंतर तेजी ओसरली; परंतु भाव चढताना जितक्या वेगाने चढतात तितक्या वेगाने उतरत नाहीत. मालक थांबू शकतो, भाडेकरू थांबू शकत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ऑस्ट्रेलिया हा खंडप्राय देश, माणसे अवघी पावणेतीन कोटींच्या आसपास. पण सिडनीची गणना जगातील सर्वांत दुर्लभ घरांच्या शहरांत होते. तेथील करपद्धतीने भाड्याच्या घरावरील तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दीर्घकाळ दिली. १९८५ मध्ये ती काढून घेतली गेली आणि दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, परत आली. १९९९ मध्ये तर घर विकून झालेल्या भांडवली नफ्यापैकी निम्म्यावरच कर आकारण्याचे ठरले. घर ही गुंतवणूक मानून तिला करसवलतीचे खतपाणी घातले की पहिले घर घेऊ पाहणारा तरुण आणि पाचवे घर घेऊ पाहणारा गुंतवणूकदार एकाच लिलावात समोरासमोर येतात. लिलाव कोण जिंकतो हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. आणि घर असलेले मतदार बहुसंख्य असल्याने भाव उतरावेत असे उघड म्हणण्याचे धाडस कोणताही पक्ष सहसा करीत नाही. नागपूरची जातकुळी हीच आहे. फरक इतकाच, की तेथे वाहिन्या आधी येतात आणि घर नंतर.

विकत घेणे जमत नसेल तर भाड्याने राहावे, हा सुज्ञ सल्ला. येथेही नागपूरचा अनुभव शिकविणारा आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडाचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश या भागात अर्धे शतक चालला. घर रिकामे झाले की मालकाने ते जिल्हाधिकाऱ्यास कळवावयाचे, अधिकाऱ्याने ते कोणास द्यावे हे ठरवावयाचे, आणि भाडेकरूस काढण्यासाठी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवावयाची. युद्धोत्तर टंचाईत तो आवश्यक होता. परंतु टंचाईचा उपाय कायम झाला तेव्हा नवीन भाड्याची घरे बांधणेच थांबले. २००० मध्ये अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली. तथापि मालकांच्या मनातील धास्ती गेली नाही. म्हणून अकरा महिन्यांचे करार, आणि म्हणून कुलूपबंद सदनिका. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, तर २०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने नागरी घरांची तूट १ कोटी ८८ लाख सांगितली आणि तिच्यापैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची असल्याचे दाखविले. एकेकाळी विदर्भ गृहनिर्माण मंडळ कामगारांसाठी वसाहती बांधीत असे. १९७७ मध्ये ते म्हाडात विलीन झाले, आणि भाड्याने देण्यासाठी सरकारने घर बांधावे ही कल्पना हळूहळू विस्मरणात गेली.

कर्ज आणि कर यांचा वाटा दुय्यम असला तरी नगण्य नाही. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज सात टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २३ हजार २५० रुपये. नऊ टक्क्यांनी तोच २७ हजारांच्या घरात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येक कुटुंबांचे अंदाजपत्रक कोलमडले. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरला हे खरे. ‘परवडणारे घर’ म्हणून वस्तू व सेवा कराचा एक टक्क्याचा सवलतीचा दर मिळतो तो ४५ लाखांपर्यंतच्या घरास. ही मर्यादा २०१९ मध्ये ठरली आणि भाव पुढे गेले तरी तेथेच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. त्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोचावयास हवा. तो पोचतो की जमिनीच्या वाढीव भावात जिरतो, हे पाहण्यासारखे आहे. जेथे जमीन हाच अडसर आहे तेथे इतर खर्चातील बचत बहुधा जमीनमालकाच्याच खिशात जाते, हा रिकार्डोच्या काळापासूनचा धडा आहे.

घराच्या भावाची झळ घरापुरती राहत नाही. स्वस्तात मिळते म्हणून बारा-पंधरा किलोमीटर दूर राहावयास गेलेल्या कुटुंबात दोन दुचाक्या अपरिहार्य होतात. पेट्रोल, शाळेची गाडी, टँकर यांचा खर्च भाड्यातील बचत गिळून टाकतो. मेट्रो डिसेंबर २०२२ पर्यंत दोन्ही मार्गांवर पूर्ण झाली, पण ती ज्या रस्त्यांवरून जाते तेथेच घरे सर्वांत महाग आहेत. घरकामाची बाई, हमाल, सुरक्षारक्षक यांना शहराच्या मध्यभागी झोपडपट्टीखेरीज जागा उरलेली नाही.

उपाय अज्ञात नाहीत. रिकाम्या भूखंडावरील कर इतका असावा की भूखंड अडवून ठेवणे महाग वाटावे. प्रत्यक्ष राहण्यासाठी घर बांधणाऱ्यास त्यातून सूट असावी. नियमितीकरणाला ठरलेली मुदत असावी आणि ती संस्थेवर बंधनकारक असावी, केवळ अर्जदारावर नव्हे. नव्या विकासक्षेत्रात दुर्बल गटांसाठी भाड्याच्या घरांची जागा आराखड्यातच राखावी. यापैकी कशालाही दिल्लीकडे पाहावे लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातील गोधनी (रिठी) व लाडगाव येथील सुमारे ६९२ हेक्टरांवर ‘नवीन नागपूर’ या व्यापारी व वित्तीय केंद्रास मान्यता दिली. शहराभोवतीच्या नव्या बाह्यवळण मार्गाचाही निर्णय त्यासोबतच झाला. मनोऱ्यांची चित्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्या मनोऱ्यांत जे टेबले पुसतील, चहा देतील, रात्री पहारा करतील, त्यांची घरे कोठे असतील, आणि आसपासच्या गावांतील जमिनीचा भाव आजच गोठविण्याची वा वाढीव मूल्य वसूल करण्याची काय तजवीज आहे, हे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भूसंपादनाची पहिली नोटीस निघण्यापूर्वी जाहीर करावयास हवे. नंतर केलेल्या तजविजीचे काय होते, ते वर्धा मार्गावर पाहावयास मिळते.