छातीत रुतलेले उपसू नये

हृदयाला जखम झाली म्हणजे मनुष्य संपलाच, ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. ९ सप्टेंबर १८९६ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन या शल्यविशारदांनी भोसकल्या गेलेल्या एका तरुणाच्या हृदयाला रेशमी धाग्याचे टाके घातले आणि तो बरा झाला. आज अशी शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. रुग्ण टेबलापर्यंत जिवंत पोहोचणे, हेच खरे अवघड.

१८९८ मध्ये जिनिव्हात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या छातीत मारेकऱ्याने धारदार केलेली कानस खुपसली. ती पडली, उठली, बोटीपर्यंत चालत गेली आणि मग कोसळली. आपल्याला भोसकले आहे, हे तिला कळलेही नव्हते. हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. बारीक जखमेतून झिरपलेले रक्त तिच्यात साचते व आरंभी त्याच दाबाने रक्तस्राव काहीसा आवरतो. परंतु ही पिशवी पटकन ताणली जात नाही. वाटीभर रक्तही हृदयाला आवळून टाकते. म्हणून रुग्ण ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्यावर विसंबू नये. मानेच्या शिरा फुगणे, नाडी क्षीण होणे, अंगाला गार घाम सुटणे ही धोक्याची चिन्हे होत. सोनोग्राफीत हे साचलेले रक्त काही मिनिटांत दिसते.

सुरी, सळई, काच जे काही रुतले असेल, ते स्वतः उपसू नका. चित्रपटातील नायक छातीतला खंजीर खेचून काढतो. ते तेथेच शोभते. रुतलेली वस्तू बुचाचे काम करीत असते. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत अभिनेते सैफ अली खान यांच्यावर चाकूहल्ला झाला, तेव्हा मणक्याजवळ अडकलेला पात्याचा तुकडा लीलावती रुग्णालयात शस्त्रक्रिया करूनच काढला गेला. ते रुग्णालयात पोहोचले होते रिक्षाने!

तेव्हा वस्तूच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापडाच्या घड्या लावून ती हलणार नाही असे पाहा, पाणी वा चहा पाजू नका आणि १०८ ला दूरध्वनी करा. आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात थांबू नका. येथे छाती उघडण्याची सोय नसते. आपल्या शहरात घाटी किंवा जेथे शल्यचिकित्सक व रक्तपेढी आहे असे मोठे रुग्णालय गाठावे. पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक. हातात विळी-सुरी असताना तोल जाणे, बांधकामाच्या सळयांवर पडणे हे घरोघरी घडू शकते; आणि अनेक आजी-आजोबांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफरिन चालू असते. या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही. गोळ्यांची नावे व मात्रा लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात किंवा बटव्यात असावी आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना ती सर्वांत आधी दाखवावी.