तुलना करा, पण कशाची ते सांगा

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशाआधी घरोघरी एकच वाद रंगतो: राज्य मंडळाचे ९२ टक्के मोठे की सीबीएसईचे ९०? हा वाद मिटवण्यासाठी राज्य सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना देणारा ९०:१० कोटा. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरणारे २०१० चे ‘बेस्ट फाइव्ह’ही तिथे पडले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले.

प्रश्न मात्र तिथेच राहिला. २०१९ मध्ये राज्य मंडळाने नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण काढून घेतले. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढल्या वर्षी ते गुण परतले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल ९५.३० वर पोहोचला. दोन वर्षांत मुले इतकी बदलत नाहीत. बदलले ते माप. ज्या मंडळांत अंतर्गत गुण कायम होते, त्यांच्या मुलांशेजारी २०१९ ची मुले प्रवेशाच्या रांगेत उभी राहिली, हा अन्याय होता.

‘मग सगळ्यांचे पर्सेंटाइल काढा,’ असे अनेक जण सुचवतात. एमएचटी-सीईटीत ते चालते. परीक्षा अनेक सत्रांत होते, पण कोण कोणत्या सत्रात बसणार हे विद्यार्थी ठरवत नाही. म्हणून सत्रासत्रांतले गट साधारण सारखे मानता येतात. मंडळांचे तसे नाही. कोणत्या मंडळाची शाळा, हे घरची ऐपत, गाव आणि भाषा ठरवतात. दोन मंडळांतले ९५ पर्सेंटाइल सारखे मानणे म्हणजे दोन्ही गटांची तयारी सारखीच आहे, असे न तपासता गृहीत धरणे. पर्सेंटाइल आपल्या गटातली जागा सांगतो, किती येते ते नाही.

तपासण्याचे मार्ग आहेत. सर्व मंडळांच्या काही मुलांना तेच मोजके प्रश्न द्यावेत. उत्तरपत्रिकांचे नमुने मंडळाचे नाव झाकून अनुभवी परीक्षकांकडून शेजारीशेजारी तपासून घ्यावेत. मंडळांमध्ये समकक्षता आणण्यासाठी एनसीईआरटीत २०२३ पासून ‘परख’ ही यंत्रणा आहे. राज्य मंडळाने तिच्या साथीने अशी पडताळणी दरवर्षी करून निकालासोबतच जाहीर करावी. गुणांवर मुलांचे कॉलेज ठरत असेल, तर त्या गुणांचा अर्थ जाणून घेण्याचा पालकांना हक्क आहे.