लस होती, भाषा नव्हती

मी बँकेत होतो तेव्हा पैसे काढायची स्लिप इंग्रजीत असे. खेड्यातली माणसं काउंटरपाशी घुटमळत. शेवटी आमचा शिपाईच ती भरून देई. २०२१ च्या मे महिन्यात त्याची फार आठवण झाली. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या मंडळींना लसीची नोंदणी सुरुवातीला 'कोविन'वरच करावी लागे, आणि कोविनला येत होतं फक्त इंग्रजी! आमच्या कामवाल्या बाई मुलाचं आधार कार्ड घेऊन आल्या. "काका, तेवढं बघा ना." ओटीपी येईपर्यंत जागा भरलेल्या. असे चार दिवस गेले.

३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या ऑनलाइन सक्तीवर प्रश्न विचारले. जूनमध्ये कोविन मराठीतही आलं. गोंडीत मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

आता 'ई-संजीवनी'च्या पडद्यावर डॉक्टर दिसतो. पण गडचिरोलीतल्या माडिया बाईची पोटदुखी त्याला समजावायला शेजारी तिची भाषा जाणणारं कुणीतरी लागतंच. यंत्राच्या खर्चात त्या दुभाष्याचा पगारही धरावा, असं माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला वाटतं. आमच्या शिपायाला स्लिपा भरण्याचे कधी पैसे मिळाले नाहीत.