निम्मं बी राखून ठेवा

संक्रांत उलटली की उरण-पनवेलच्या कृषी सेवा केंद्रांत भेंडी, गवार, काकडी, दुधीच्या पाकिटांना मागणी येते. पाकिटावर पेरणीचा काळ छापलेला असतो : जानेवारी ते मार्च. मोरा बंदराच्या परसदारी मात्र हे तीन महिने तीन तऱ्हांचे असतात. म्हणून माझं सांगणं, की इथे उन्हाळी भाजी एका दमात पेरू नये, आणि पेरण्याआधी मातीतल्या मिठाची चौकशी करावी.

हवा लहरी झाली आहे, यात वाद नाही. जानेवारीअखेर पहाटे गारवा असतो. माती २० अंशांच्या खाली राहिली की भेंडीचं बी अडून बसतं आणि ओल जास्त झाली तर कुजतं. मग एकाएकी ऊन तापतं. कमाल तापमानाची सरासरी पाहता २०२३चा फेब्रुवारी हा देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला; त्यापाठोपाठ ऐन होळीत मुंबई-ठाण्यात अवकाळी पाऊस आला. जिल्ह्याचा अंदाजही बेताने घ्यावा. रायगडातल्याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. डोंगराच्या कुशीतलं भिरा आणि खाऱ्या वाऱ्यावरचं मोरा यांना एकच आकडा कसा पुरेल?

पण खाडीकाठी बी मरतं ते बहुधा मिठाने. पावसाळ्यात मीठ धुऊन खाली जातं. ऊन वाढलं की ओल वर चढते, तिच्याबरोबर मीठही चढतं आणि मातीवर पांढरी खपली धरते. नेमका तिथेच कोवळा कोंब असतो. सरी-वरंब्यात तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं. त्यामुळे बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेजवळ टोकावं. पेरणीआधी गोड्या पाण्याने वाफा भरपूर भिजवून मीठ खाली ढकलावं आणि वर भाताचा पेंढा पसरावा. कोंब दिसले की तो बाजूला सारावा. विहिरीचं पाणी जिभेला मचूळ लागलं, तर फरसबी आणि गाजराचा नाद सोडून पालक, बीट लावावं. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रेतीत समुद्रमेथी घेणाऱ्यांची युक्तीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रेतीत मीठ फारसं टिकत नाही आणि मेथी पंधरवड्याच्या आतबाहेर उपटून जुडीत जाते.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी 'पनवेल १, २, ३' हे भाताचे वाण दिले. भाताइतकीच परसातल्या भाजीचीही खारपट्ट्याला गरज आहे. तिच्यासाठी एक साधं मराठी पत्रक तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लागावं, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर एवढं करा. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो वाचा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून निम्मंच पेरा. उरलेलं पंधरा दिवसांनी, पहिल्या वाफ्याची उगवण पाहून. थंडी, ऊन किंवा अवकाळीने एक हप्ता बुडाला, तरी दुसऱ्यासाठी बी हाताशी असू द्या.

— मळेकरी