टाकसाळीची चूक आणि माणसाची करणी

'हे पाच रुपयांचं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती!' असा व्हिडिओ फिरला की आमच्या कॉलनीतली मंडळी डबे उपसून माझ्याकडे येतात. मी नाणी जमवतो, आणि उभी नोकरी प्रेस शॉपमध्ये डाय-फिटर म्हणून काढली, त्यामुळे परीक्षक मीच. आलेला बहुतेक माल चाकाखाली चेपलेला, विस्तवात काळवंडलेला, नाहीतर कुणीतरी कानस मारलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नाणं वेडंवाकडं दिसतं एवढ्यावरून ती टाकसाळीची चूक ठरत नाही. ती कोणत्या पायरीवर झाली, हे सांगता आलं पाहिजे. आणि पायऱ्या तीनच: चकती, ठसा, ठोका.

चकतीपासून सुरू करू. पत्रा पुरता पुढे सरकला नाही की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीचा कोरीसारखा तुकडा जातो. वॉशर पाडताना आमच्याकडेही हेच व्हायचं. पुढे ही चकती कड उचलायच्या यंत्रातून जाते. तुकडा गेलेल्या जागी दाबच बसत नाही, म्हणून बरोबर समोरची कडही दबकी राहते. घरी कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते. अक्षरंही पाहा. खऱ्या नाण्यात ती कापाजवळ विरत जातात, कानशीच्या नाण्यात मध्येच तुटतात.

ठशाला चीर गेली की ठोक्याच्या वेळी धातू त्या चिरेत शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उंच उठते. ओरखडा खोल असतो. नख फिरवलं तरी फरक कळतो.

ठोक्याच्या चुका सर्वांत देखण्या, आणि नकलाही त्यांच्याच फार. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची छाप उमटते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत गेलेली. नकली माल बनवणारा दोन नाणी व्हाइसमध्ये आवळतो. उलटी अक्षरं उमटतात खरी, पण खाली मूळ छाप चेपलेली दिसतेच. दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढायचा, उलटा बसवायचा आणि 'दुर्मीळ' म्हणून विकायचा, हाही धंदा आहे. कडं आणि मधला भाग टाकसाळीत एकाच ठोक्यात घट्ट बसतात. भिंगाखाली सांध्यात फट किंवा हत्याराचे व्रण दिसले, तर ते नाणं दहा रुपयांचंच.

हा हिशेब यंत्रावरच्या नाण्यांचा. शिवराई हातानं पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर बाहेर जाणं नेहमीचंच. त्यासाठी 'एरर' म्हणून जादा पैसे मागणाऱ्या विक्रेत्याला हात जोडावेत. आणि व्हिडिओंत मिरवणारं वैष्णोदेवीचं नाणं तर चूकही नाही, ते सरकारनं काढलेलं स्मारक नाणं आहे.

खऱ्या चुकीच्या नाण्याला संग्राहक पैसे देतात, नाही असं नाही. पण तेही नाणं हातात घेऊन, वजन करून, भिंगाखाली पाहून. फोटोवर लाखाची बोली लावून आधी 'नोंदणी फी' मागणारा माणूस संग्राहक नसतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. तेव्हा नाणं विचित्र वाटलं तर एवढंच विचारा: यंत्रानं हे कसं केलं असेल? उत्तर सुचलं नाही तर नाणं वाण्याला द्या, आणि फी मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.