इंजिनाचा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर

आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या दारी आज मालाची ने-आण करणारी पिकअप गाडी उभी असते. तिच्या टायरांचा, इंधनाचा आणि ड्रायव्हरच्या भत्त्याचा हिशेब आपण पैन्‌पै ठेवतो. परंतु समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपली सारी व्यवहारदृष्टी मिस्त्रीच्या स्वाधीन करून मोकळे होतो. ‘ऑक्सिजन सेन्सर गेला,’ असे तो सांगतो, आपण पैसे मोजतो, आणि पंधरवड्याने दिवा पुनश्च लागतो. हा खर्च बहुतांशी टाळण्याजोगा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, हे बाहेर पडणाऱ्या धुरात उरलेल्या प्राणवायूवरून कळते. सेन्सरच्या टोकाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली झिर्कोनियाची लहानशी टोपी असते. तिच्या आतील अंगास बाहेरची हवा, बाहेरील अंगास इंजिनाचा धूर. दोहोंतील प्राणवायूत जितकी तफावत, तितका विद्युद्दाब अधिक. पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ही टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून नीट काम देत नाही, म्हणून सेन्सरच्या पोटातच हीटर बसविलेला असतो. बॉशने तयार केलेला ऑक्सिजन सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम आला.

आता त्याची जागा. खरा घोटाळा येथेच होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडील तो ‘सेन्सर १’, पलीकडील तो ‘सेन्सर २’. पहिला मिश्रण सांभाळतो; दुसरा मुख्यत्वे कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. ज्या बाजूस पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर, ती ‘बँक १’. (या बँकेत आपले खाते नसते, एवढे ध्यानात ठेवावे!) अमेरिकेतील पुष्कळ मोठ्या पिकअपांत इंजिन व्ही-८ असते आणि सिलिंडरांच्या दोन ओळी असतात. फोर्ड एफ-१५० मध्ये बँक १ चालकाच्या पलीकडील, म्हणजे उजव्या बाजूस येते. शेव्हरोले सिल्व्हराडोत तीच चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूस. एका गाडीवरून दुसरीचा अंदाज बांधणारा कारागीर चांगला सेन्सर काढून बिघडलेला तसाच ठेवतो, तो यामुळेच. आपल्याकडील मारुती सुपर कॅरीसारख्या पेट्रोल वा सीएनजी गाडीत चारही सिलिंडर एका ओळीत असल्याने बँक एकच. तेथे प्रश्न केवळ अलीकडचा की पलीकडचा, एवढाच. डिझेल गाड्यांची रचना निराळी आहे; त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मुनिमाने खातेवहीत तूट दाखविली म्हणून मुनीमच बदलला, तर तूट भरून निघत नाही. सेन्सरचेही तसेच आहे. पी-०१७१ हा संकेत मिश्रणात हवा जास्त झाल्याचे सांगतो. त्याचे कारण तडकलेली व्हॅक्यूमची नळी, गळके गॅस्केट, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पेट्रोल पंप असू शकेल. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीस भेग असली, तर बाहेरची हवा आत शिरून सेन्सरची फसगत होते. पी-०४२० हा संकेत पलीकडच्या सेन्सरच्या साक्षीने येतो, पण बोट दाखवितो ते कन्व्हर्टरकडे. पी-०१३५ मात्र बँक १ च्या सेन्सर १ मधील हीटरविषयी आहे. तेथेही प्रथम फ्यूज आणि तारा पाहाव्यात, मगच नवा सेन्सर आणावा. दिव्याची तारच तोडून देणारे महाभागही आढळतात. त्यांच्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.

सेन्सर खरोखर निकामी झालाच, तर इंजिन किंचित कोमट असताना तो काढावा. पुष्कळ सेन्सरांस २२ मिलिमीटरचा पाना लागतो. आट्यांना लावण्याचा लेप टोकास लागू देऊ नये. सिलिकोनच्या वाफांनीही सेन्सर निकामी होतो, म्हणून जवळपास सीलंट वापरताना तो सेन्सरला चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावे. बिलावर संकेताचा क्रमांक, बँक आणि सेन्सर यांची नोंद करून घ्यावी, आणि काढलेला जुना सेन्सर दुकानी परत मागून घ्यावा.