लोकर घ्यावी कोठे?



गेल्या खरिपात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी धानाची शेतीशाळा आटोपून मी चहा घेत होतो. तुडतुडे झाले, खोडकिडा झाला, युरियाचे हप्ते झाले. तेवढ्यात मागच्या बाजूने एक बाई उठल्या. म्हणाल्या, "साहेब, बियाणं कुठं घ्यावं थे तुम्ही दरसाल सांगता. मंग लोकर कुठं घ्यावी थे बी सांगा ना जी. मले स्वेटर विणणं शिकाचं हाये."

बाकीच्या बायका हसल्या. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. बाईंच्या सुनेला सातवा महिना होता, म्हणजे बाळ ऐन थंडीत येणार. आपल्याकडची थंडी कशी असते हे तुम्हांला सांगायला नको. विदर्भात पारा सर्वांत खाली गेला की बातमीत बहुधा गोंदियाचेच नाव असते. डिसेंबरात उन्हाळी धानाचे पऱ्हेसुद्धा थंडीने पिवळे पडतात, म्हणून रात्री त्यावर प्लास्टिक पांघरा असे मी सांगत फिरतो. मग बाळाला काय पांघरावे, हेही मला कोणी विचारले तर काय चुकले?

मी स्वतः सुया हातात धरलेल्या नाहीत, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या घरी तीस वर्षे विणकाम चालू आहे आणि लोकरीची पिशवी वाहण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या पिशवीने मला बरेच शिकवले.

पहिले दुकान म्हणजे घरची पेटी. जुना, आखूड झालेला, कोपराला फाटलेला स्वेटर असेल तर तो फेकू नका. उलटा करून आतली शिवण पाहा. काठावरचे टाके अखंड असून दोन भाग नुसते जोडलेले असतील, तर जोडाचा धागा काढल्यावर स्वेटर वरून खाली सरळ उसवत येतो. पण शिवणीवर मशीनची दाट गुंफण असेल आणि कड कापलेली दिसत असेल, तर तो कापड बेतून शिवलेला आहे. तो उसवला की हातभर लांबीचे तुकडेच मिळतील, त्याच्या नादी लागू नका. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत टांगावी. वाळेपर्यंत तिच्यातल्या नागमोडी वळ्या निघून जातात. शिकणाऱ्या बाईने पहिले चार-आठ दिवस याच लोकरीवर हात बसवावा. चुकले तर पैशाचे नुकसान नाही.

आता विकत घ्यायची लोकर. आठवडी बाजारात रंगीत गोळ्यांचे ढीग मिळतात. ते वाईटच असतात असे नाही, पण त्यांवर पुष्कळदा पट्टी नसते, आणि पट्टी नसलेला गोळा म्हणजे टॅग नसलेली बियाण्याची पिशवी. आपण बियाण्याच्या पिशवीवर काय पाहतो? वाण, वजन, लॉट नंबर. लोकरीच्या गोळ्यावरही कागदी पट्टी असते. तिच्यावर कशाचा धागा आहे, वजन किती, रंगाचा नंबर कोणता आणि लॉट कोणता हे छापलेले असते. यांत लॉट नंबर सर्वांत महत्त्वाचा. लोकर खेपेखेपेने रंगवतात. रंगाचा नंबर तोच असला तरी एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळेलच असे नसते.

हे आम्ही कसे शिकलो ते सांगतो. थोरल्या मुलीच्या वेळी आमच्या सौभाग्यवतींनी मोरपंखी रंगाचा स्वेटर घातला. पैसे बेताचे होते म्हणून तीन गोळे घेतले, लागलाच तर चौथा मागून आणू असे ठरले. पाठ झाली, पोट झाले, एक बाही झाली आणि लोकर संपली. मी रेल्वेने गोंदियाला गेलो आणि त्याच दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा गोळा आणला. दुकानदाराने लॉट पाहिला नाही, मीही पाहिला नाही. रात्री दिव्याखाली दोन्ही रंग सारखे दिसले. सकाळी उन्हात पाहिले तर एक बाही मोरपंखी आणि दुसरी शेवाळी. मुलगी तो स्वेटर घालून वाढली, तिला काही कळत नव्हते. पण तिची आई तो वाळत घालताना ती बाही भिंतीकडे करी.

तेव्हा सगळी लोकर एकदम घ्या, आणि एखादा गोळा जास्तच घ्या. नवजात बाळाच्या टोपीला पंचवीस-तीस ग्रॅम पुरतात. मफलरला शंभर ते दीडशे, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला दीडशे ते दोनशे, आणि मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम धरा. दुकानदाराला आधीच विचारा, "न उघडलेला गोळा उरला तर परत घ्याल का?" हो म्हणाला तर पावतीवर लिहून घ्या. माझ्या मते चांगले दुकान ओळखण्याची खूण हीच. जो पावती देतो, पट्टी दाखवतो आणि गोळा उजेडात नेऊन पाहू देतो त्याच्याकडे दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

आपल्या तालुक्याला एका बाजूला वडसा आणि दुसऱ्या बाजूला गोंदिया, दोन्ही रेल्वेवर. शिवणकामाचे सामान विकणाऱ्या दुकानांत लोकर आणि सुया विचाराव्यात. दिवाळीच्या आधी गेलात तर रंगांची निवड मिळते. संक्रांतीनंतर उरलासुरला माल स्वस्त होतो, पण एकाच लॉटचे पुरेसे गोळे सापडणे कठीण. काही कामाने नागपूरला जाणे झालेच तर इतवारीची पेठ पाहावी. नुसत्या लोकरीसाठी एवढे भाडे खर्चू नये. मुलांच्या मोबाईलवरून मागवायची असेल तर प्रथम एकच गोळा मागवा. पडद्यावर दिसणारा रंग आणि हातात येणारा रंग यांत फरक पडतो.

आता कोणी म्हणेल, साहेब, गोठणगावच्या तिबेटी लोकांना का विसरलात? विसरलो नाही. १९७२ साली, गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता तेव्हा, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आपल्याच तालुक्यात वसली. ही मंडळी आपल्यासारखीच धान पिकवतात, आणि हिवाळ्यात त्यांतले बरेच जण गावोगावी स्वेटर विकायला निघतात. तिबेटी व्यापाऱ्यांचा माल मुख्यतः लुधियान्याहून येतो आणि तो बहुतांशी मशीनवर विणलेला, तयार असतो. म्हणजे विणायच्या लोकरीचे ते दुकान नव्हे. पण ज्यांच्या हाताखालून दर हंगामाला एवढे स्वेटर जातात त्यांना लोकर कोणती आणि भेसळ कोणती हे बोटांनी कळते. त्यांच्याकडे एखादी वस्तू विकत घेताना चार गोष्टी विचारायला संकोचू नका.

कोशाचा धागा चालेल का, असेही एकीने विचारले. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा कोसा हे आपल्या भागाचे वैभव खरे, पण त्या धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो. शिकणाऱ्याच्या हातात तो बसत नाही. आणि घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकर अंगाला टोचते, बाळासाठी ती नकोच.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाजारात ‘ऊल’ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा मेंढीची लोकर नसून ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात रसायनापासून केलेला धागा असतो. तो स्वस्त, मऊ, धुवायला सोपा, त्याला कसर लागत नाही. शिकायला तो उत्तमच. पण तो आगीला भितो. धागा ओळखायचा असेल तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून, अंगणात, खाली पाण्याची थाळी ठेवून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती सावकाश जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक भरभर पेटते, वितळते आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. हा मणी चटका देतो, थंड झाल्याशिवाय हात लावू नका.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी असते. चुलीशी बसणाऱ्या सासूच्या अंगात स्वेटर असतो, पहाटे शेकोटीभोवती मुले बसतात. तिथे ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर वितळलेला धागा कातडीला चिकटतो. म्हणून बाळाचे आणि बाळंतिणीचे कपडे शक्य तर खऱ्या लोकरीचे, नाही तर सुती अस्तर लावलेले करा, आणि ॲक्रिलिक अंगात असेल तर शेगडीपासून दूर राहा. सुईणीला आणि आशाताईलाही हे सांगून ठेवा.

सुटी लोकर वजनावर घेताना आणखी एक. धान खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांवर ओलावा चालत नाही, कारण पाण्याचे पैसे कोण देणार? लोकरीचेही तसेच. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पावसाळ्यात, दमट गोदामातली सुटी लडी तोलून घेऊ नका.

रंग फिका आणि एकच निवडा. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही. केसाळ, गाठीगाठीची लोकर नको. सुया आठ किंवा नऊ नंबरच्या घ्या. इथे नंबर लहान तेवढी सुई जाड, हे उलटे गणित लक्षात ठेवा. सुईवाचून नेलेली लोकर नुसती घरात पडून राहते, म्हणून दोन्ही एकाच फेरीत आणा.

त्या बाई जानेवारीत मला पुन्हा भेटल्या. नातू झाला होता. त्याची टोपी झाली होती, एका कानावर जरा तिरपी. मफलरही दीड हात झाला होता आणि लोकर संपत आली होती. मी काही विचारण्याआधीच त्यांनी बँकेचे पासबुक उघडले. आत घडी घालून ठेवलेली गोळ्याची पट्टी होती. म्हणाल्या, "लॉट नंबर हाये ना जी याच्यावर. शुक्रवारी वडशाले जातो."